बॅकनं मधे यायचं

माझ्या दोन्ही फुलबॅक बुटक्या होत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो वाद झाला त्यात प्रत्येकाने मला हे ऐकवलं. शाळेतल्या शिक्षकांनी ऐकवलं, पालकांनी ऐकवलं, मैदानाच्या कडेला मोटारसायकल लावून उभ्या राहणाऱ्या रिकामटेकड्यांनीही ऐकवलं. "एवढ्याशा पोरी, आन त्यांना मधी घालता व्हय बाई?" मी म्हणायचे, "हो, घालते."

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका गावात मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका आहे. शाळेचं मैदान मुरमाचं. एका अंगाला लिंबोणीची बाग, दुसऱ्या अंगाला कारखान्याकडे जाणारा रस्ता. हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या दिवसभर जातात आणि त्यांची सगळी धूळ आमच्या मैदानावर येऊन बसते. मी इथे रुजू झाले तेव्हा मुलींसाठी खो-खो होता, लंगडी होती. फुटबॉल म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी पहिला प्रश्न विचारला होता, "हाफ पँट घालावी लागेल का?" मी म्हटलं, "लागेल." ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले आणि शेवटी म्हणाले, "बघा बुवा." त्या 'बघा बुवा'वर आमची टीम उभी राहिली.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. गोलकीपरच्या पुढे चार जणी उभ्या असतात. मधे दोन स्टॉपर आणि दोन्ही कडांना एकेक फुलबॅक. आमच्या भागात बॅकचं काम पिढ्यान् पिढ्या एकच समजलं जातं : आपली कड धरायची. समोरची विंगर कडेने पळत आली की तिला अडवायचं, बॉल बाहेर मारायचा, पुन्हा आपल्या जागी उभं राहायचं.

मला हे पाठ आहे, कारण मी स्वतः नगरला असताना उजवी बॅक खेळत होते. आमचं घर भिंगारला, लष्कराच्या छावणीजवळ. तिथे फुटबॉल गल्लीगल्लीत होता, पण तो मुलांचा. मुलींना शिकवायला एकच सर तयार झाले होते. त्या काळात त्यांनी आमच्यासाठी जे केलं ते कुणी केलं नव्हतं, आणि हे मी पुढे त्यांच्याशी भांडत असतानाही विसरत नव्हते. पण सरांचा एक नियम होता. मैदानाच्या कडेची रेषा पांढऱ्या फक्कीने आखलेली असे. सर म्हणायचे, "बॅकच्या बुटाला फक्की लागलीच पाहिजे." मॅच संपली की ते खरोखर आमचे बूट बघायचे. माझे बूट नेहमी पांढरे असायचे. ते पांढरे बूट घालून मी कडेला उभी राहायचे आणि समोरची फॉरवर्ड मधून, माझ्यापासून थोड्याच अंतरावरून, आरामात आत जाऊन गोल मारायची. मी पळत गेले असते तर पोचले असते. पण माझी जागा ती नव्हती. मला तेव्हाही राग यायचा. कुणाचा, ते कळत नव्हतं.

शाळेच्या टीमला शिकवायला लागल्यावर सुरुवातीला मीही तेच शिकवलं. चालून गेलं, कारण आमच्याकडे एक उंच, दणकट स्टॉपर होती. मधे काहीही आलं तरी ती एकटी निस्तरायची. दहावी झाली आणि ती संगमनेरला कॉलेजला निघून गेली. त्या वर्षी तालुक्याची पहिली मॅच आम्ही अशी हरलो की मुली परतीच्या जीपमध्ये एकमेकींशी बोलल्या नाहीत. सगळे गोल मधून. माझ्या दोन्ही बॅक सगळा वेळ आपापल्या कडेला, सांगितलेल्या जागी, नीट उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी त्या दोघींना बाजूला घेतलं. त्यांना टीममध्ये सगळ्या जणी उजवी आणि डावी म्हणायच्या, मीही तेच म्हणते. उजवी गावातल्याच शेतकऱ्याची मुलगी. घरचा ऊस, गायी, भरलं घर. तोंडाने फटकळ, पायाने चपळ. डावीचं कुटुंब पाथर्डीकडचं. आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला इकडे यायचे. मग वडिलांना लिंबोणीची बाग राखायचं काम मिळालं आणि ते इथेच राहिले. डावी डाव्या पायाची होती, फार कमी बोलायची, आणि तिला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

मी विचारलं, "काल गोल कुठून पडले?"

"मधून," उजवी म्हणाली.

"तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"आमच्या जागी."

"मग तुमच्या जागेवर कुणी आलं होतं का?"

मग डावी म्हणाली, "न्हाई. आमी मोकळ्याच हुतो."

"गोलपोस्ट कुठं असतो?"

"मधी."

"मग आजपासून बॅकनं मधे यायचं," मी म्हणाले.

सांगणं सोपं होतं. शिकवायला लागल्यावर कळलं की कडेला वाढलेली बॅक मधे आणून उभी केली की ती घाबरते, आणि त्यात तिचा दोष नसतो. कडेला उभं राहिलं की एक बाजू बंद असते. पाठीमागे रेषा, रेषेपलीकडे कुणी नाही. जे काय यायचं ते समोरून किंवा एका बाजूने. मधे उभं राहिलं की चारी बाजूंनी माणसं. पहिल्याच दिवशी उजवी बॉलकडे टक लावून उभी राहिली आणि तिच्या पाठीमागून दोन फॉरवर्ड निघून गेल्या. तिला पत्ताही नव्हता.

म्हणून आम्ही मानेपासून सुरुवात केली. एकीला मधे उभं करायचं, मी समोरून बॉल सरकवायचे, आणि तिच्या मागे एखादी मुलगी गुपचूप जागा बदलायची. बॉल पायाशी यायच्या आत मी ओरडायचे, "मागं कोण?" नाव सांगता आलं पाहिजे. सुरुवातीला दोघीही अंदाजाने कुणाचंही नाव ठोकून द्यायच्या. मग हळूहळू माना वळायला लागल्या. उजवी तर वर्गातही तसं करायला लागली. गणिताच्या शिक्षकांनी माझ्याकडे तक्रार केली की ही मुलगी सारखी मागे बघते.

मग उभं राहणं. बॉलकडे तोंड करून सरळ उभं राहायचं नाही, अर्धं वळून उभं राहायचं, म्हणजे बॉलही दिसतो आणि आपली माणसंही. बॉल पलीकडच्या कडेला असेल तेव्हा इकडच्या बॅकने आत सरकायचं, स्टॉपरच्या खांद्याजवळ यायचं, आणि तिची मोकळी कड सांभाळायला आपल्या विंगरने पुढून खाली यायचं. समोरची बॉल घेऊन मधून आली तर तिच्या अंगावर धावायचं नाही. मागे मागे सरत, गोलकडचा रस्ता अडवत, तिला कडेकडे ढकलत न्यायचं. धावून गेलं की ती एका झुकांडीत सुटते, मग मागे फक्त गोलकीपर. डावीला हे लगेच जमलं. पुढे एकदा तिच्या वडिलांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "बागंत शेरडं शिरली का ती असंच करती. पळत न्हाई जात त्यांच्यामागं. वाट आडवती."

उजवीला धीर धरवत नसे. ती प्रत्येक बॉलवर झेप घ्यायची. तिला थांबवायला मी तिचे दोन्ही हात तिच्याच ओढणीने पाठीमागे बांधले आणि म्हटलं, आता नुसत्या पायाने मागे सर. ती चिडली, पडली, उठली, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात काहीतरी पुटपुटली, आणि आठवडाभरात शिकली.

सगळ्यात अवघड होतं बोलणं. मधे खेळणाऱ्या बॅकला ओरडावं लागतं. 'माझा', 'सोड', 'आत ये', 'मागं बघ'. उजवीचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. डावीचा तिच्या स्वतःच्या कानापर्यंत. मी तिला रस्त्याच्या कडेला उभी केली आणि सांगितलं की पलीकडच्या गोलकीपरला ऐकू आलं पाहिजे, मधून ट्रॉली जात असली तरी. ती लाजून लाल व्हायची. ट्रॉल्यांवर तिच्या ओळखीची माणसं असायची. पण एके दिवशी ट्रॅक्टरवाल्याने गाणं बंद करून विचारलं, "काय झालं गं?" तेव्हा मी तिला म्हटलं, आता पुरे.

मग उजवीचं नाक फुटलं. सरावातच. कॉर्नरचा बॉल डोक्याने काढायला ती मधे उडाली आणि आमच्याच फॉरवर्डचं कोपर लागलं. रक्त बघून लहान मुली रडायला लागल्या. मी तिला गावातल्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलं नव्हतं, पण चेहरा सुजला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये बसले होते. मला बोलावणं आलं. उजवीही दारात येऊन उभी राहिली, नाकावर पट्टी, कुणी बोलावलेलं नसताना.

वडील भला माणूस. आवाज चढवला नाही. "मॅडम," ते म्हणाले, "पोरगी खेळती त्याला आमची ना न्हाई. पर कडंला उबी ऱ्हात हुती तवर बरं चाललं हुतं. आता तुमी तिला मधी घातली. मधी धसमुसळ्या पोरी. उद्या नाक वाकडं झालं तर चार पाहुनं काय म्हनत्याल?"

मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, जुन्या पद्धतीत काय वाईट होतं? एवढी वर्षं सगळे तसंच खेळतात."

मी म्हटलं, "सर, एवढी वर्षं आपण तसंच हरतोय."

"हरणं-जिंकणं चालायचंच. पालकांची काळजी रास्त आहे. तिला पुन्हा कडेला उभी करा, विषय संपला."

"तिला कडेला उभी करायची असेल तर मी टीम उतरवणार नाही," मी म्हणाले. हे मी ठरवून आले नव्हते. तोंडून निघून गेलं, पण निघून गेल्यावर मला ते खरं वाटलं. "उभं राहून गोल बघायला मला मुली नकोत. बघायला मैदानाबाहेर पुष्कळ माणसं आहेत."

मुख्याध्यापकांना हे आवडलं नाही. ते काही बोलणार तेवढ्यात दारातून उजवी म्हणाली, "पप्पा, मी मधीच खेळनार."

"तू गप ऱ्हा."

"न्हाई राहनार. नाक माजं हाय. दुखतंय ते मला दुखतंय."

वडिलांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता हा माणूस उठून जाणार आणि मुलीला घेऊन जाणार. पण ते म्हणाले, "मी येऊन बघनार. काय शिकविता ते मला दिसू द्या. मंग ठरवू."

"या," मी म्हटलं. "पाहुण्यांनाही आणा."

ते आले. सायंकाळची धार काढायची वेळ सोडून येणं म्हणजे त्यांच्यासाठी साधी गोष्ट नव्हती. मोटारसायकलवर बसून त्यांनी पूर्ण सराव बघितला. आठवड्यात पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला त्यांच्या शेजारी उभा असलेला कुणीतरी म्हणाला, "ती कड मोकळी सुटली की राव," तर उजवीचे वडील म्हणाले, "बॉल तिकडं पल्याड हाय. इकडं उबं राहून काय करायची ती?" मी ऐकलं आणि काही न ऐकल्यासारखं केलं. ठरवण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फक्त मुलीला घरून रोज एक अंडं जास्त मिळायला लागलं, हे तिनेच सांगितलं.

पुढच्या वर्षी आम्ही तालुक्यात जिंकलो आणि जिल्ह्याला, नगरला, गेलो. माझ्या जुन्या मैदानावर. सर तिथे होतेच. ते आता निवृत्त आहेत, पण जिल्ह्याच्या निवड समितीवर आहेत आणि मैदानावर अजून त्यांच्याच शब्दाला वजन. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काय गं, तुझ्या बॅक फिरस्त्या झाल्यात असं ऐकलं."

"फिरत नाहीत सर. आत येतात."

"कड कोण धरणार? तुझा बाप?"

"विंगर खाली येते सर."

"पुस्तकातलं बोलू नकोस. बॅकनं कड सोडली की घर उघडं पडतं. मी तुला हे शिकवलं नव्हतं."

"नाही शिकवलं," मी म्हटलं. त्यांना ते लागलं. मला दिसलं, पण मी शब्द मागे घेतला नाही.

आमची मॅच संगमनेरकडच्या एका टीमशी होती. सगळ्यांना एकसारखे ट्रॅकसूट, उंच मुली, त्यांची एक फॉरवर्ड तर माझ्या डावीपेक्षा डोक्याने वर. मॅच सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. बॉल आमच्या उजव्या अंगाला होता, म्हणून डावी शिकवल्याप्रमाणे मधे सरकली. त्यांच्या मुलीने लांब पास मारला, थेट आमच्या डाव्या कडेला. तिथे त्यांची विंगर एकटी. तिने क्रॉस टाकला आणि त्या उंच फॉरवर्डने डोक्याने गोल केला.

कडेवरून सरांचा आवाज आला. "कड! कड धर!" मग त्यांच्याबरोबर आणखी आवाज. आमच्याच गावाहून आलेली दोन माणसं ओरडत होती. डावीने माझ्याकडे बघितलं. ती ज्या नजरेने बघत होती ती मी ओळखत होते. त्या नजरेला मी नाही म्हटलं. हाताने खूण केली : आतच.

हाफटाइमला मुली पाणी प्यायल्या आणि माझ्याभोवती बसल्या. सर जवळून गेले आणि मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून वेळ आहे. सुधार."

उजवीने विचारलं, "मॅडम, परत कडंला जायचं का?"

मी उत्तर द्यायच्या आधी डावी बोलली. "गोल का पडला ठाव हाय का?" ती आमच्या डाव्या विंगरकडे बघत होती. "मी आत गेले, तवा तू खाली आली न्हाईस. तू वरच हुतीस. मी हाका मारल्या. तू वळलीच न्हाईस." विंगरने मान खाली घातली. डावीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आता मी वरडले का यायचं. बास."

मला काही सांगायचं राहिलंच नव्हतं. मी फक्त म्हटलं, "आत यायचं. आधीसारखंच."

दुसरा हाफ मला अजून लख्ख आठवतो. ती उंच फॉरवर्ड मधून येत राहिली आणि प्रत्येक वेळी तिच्यासमोर माझ्या बुटक्या बॅकपैकी एक कुणीतरी असायची, मागे मागे सरत, रस्ता अडवत. ती फॉरवर्ड वैतागली. तिने खांदा मारला तर उजवीने खांदा परत दिला आणि उभी राहिली. डावीचा आवाज मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला येत होता : "आत! खाली ये! सोड, माजा!" एकदा मैदानाच्या ऐन मधोमध त्यांचा पास तिने पायात अडकवला, मान आधीच वळवलेली होती त्यामुळे पुढे कोण मोकळं आहे ते तिला ठाऊक होतं, आणि तिने एकाच फटक्यात बॉल पुढे दिला. आमच्या फॉरवर्डने तो गोलमध्ये घातला. बरोबरी.

शेवटी शेवटी त्यांना कॉर्नर मिळाला. सगळ्या उंच मुली आमच्या गोलसमोर. बॉल आला आणि उजवी उडाली, त्याच ठिकाणी जिथे सरावात तिचं नाक फुटलं होतं. डोळे उघडे ठेवून तिने बॉल डोक्याने लांब फेकला. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "माजी हाय ती." वळून बघायची गरज नव्हती. तिचे वडील गायी भावावर सोपवून एसटीने आले होते, ते मला तेव्हा कळलं.

टायब्रेकरमध्ये आम्ही हरलो. गोलकीपर रडली, विंगर रडली, मीही थोडी रडले. पण पूर्ण मॅचमध्ये मधून आम्ही एकही गोल खाल्ला नाही, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं आणि आजही सांगते. लोक म्हणतात, हरलात ना पण? हो, हरलो. तरी सांगते.

जिल्ह्याच्या टीमसाठी निवड चाचणी झाली तेव्हा आमच्या दोघींनाही बोलावलं. सरांनी त्यांना बॅक म्हणूनच उतरवलं, आणि उतरवण्याआधी समोर उभं करून सांगितलं, "इथं माझं चालतं. कड सोडायची नाही. समजलं?" उजवी हो म्हणाली. डावी काही बोलली नाही. मी प्रेक्षकांत बसले होते. मला आत जायची परवानगी नव्हती.

उजवी कडेला उभी राहिली. तिचे पाय आत ओढत होते हे मला लांबून दिसत होतं, पण तिने सांगितलेलं पाळलं. डावीनेही थोडा वेळ पाळलं. मग बॉल मधून सुटला, स्टॉपर चकली, गोलकीपर पुढे आलेली, गोल मोकळा. डावी कडेवरून तिरकी पळत आत आली आणि बॉल गोलरेषेजवळून बाहेर काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी तिला बाहेर बोलावलं.

ती शांतपणे बाहेर आली आणि बूट सोडायला बसली. चाचणी संपल्यावर सर माझ्याकडे आले. "पोरीत दम आहे," ते म्हणाले. "पण सांगितलेलं ऐकत नाही. तिला म्हणावं चुकलं म्हण. मी घेतो."

मी डावीजवळ गेले आणि सरांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. माझ्याकडून एक शब्द घातला नाही, कारण निर्णय तिचा होता. जिल्ह्याकडून खेळणं तिच्यासाठी काय होतं ते मला माहीत होतं. तिच्या घरात त्याआधी कुणी जिल्ह्याच्या ठिकाणी कामाशिवाय गेलेलं नव्हतं.

ती बुटाची नाडी गुंडाळत म्हणाली, "काय चुकलं?"

"कड सोडलीस."

"बॉल तर काढला ना मी, मॅडम." दुसऱ्या बुटाची नाडी हातात घेत म्हणाली, "न्हाई म्हननार मी. तुमी सांगितलं तरी न्हाई."

"मी सांगतच नाही," मी म्हटलं.

सरांना जाऊन मी म्हणाले, "ती म्हणणार नाही. आणि मीही तिला म्हणायला लावणार नाही." सर म्हणाले, "तू तर अशी नव्हतीस." मी म्हटलं, "हो सर, नव्हते."

उजवीची निवड झाली, डावीची नाही. परतीच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या होत्या. मी मागच्या सीटवर. उजवी म्हणाली, "मी न्हाई जानार. तू न्हाईस तर मी बी न्हाई." डावी खिडकीतून बाहेर बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "येडी हायेस का? जा. जा आन मधी खेळ."

उजवी गेली. विभागाच्या मॅचेस पुण्याला होत्या, आणि टीमबरोबर सरच गेले होते. परत आल्यावर ती घरी न जाता आधी मैदानावर आली, बॅग पाठीला तशीच. सगळ्या भोवती जमल्या. तिने सांगितलं की पहिली मॅच तिने कडेला उभी राहून खेळली आणि त्या हरता हरता वाचल्या. दुसऱ्या मॅचला मधून एक गोल पडला, तिच्या डोळ्यांदेखत. "मंग मी म्हनलं, काढायचं तर काढू दे बाहेर. आन गेले आत."

"सर ओरडले?" मी विचारलं.

"लई वरडले. मी तिकडं बघितलंच न्हाई. मान मागंच वळवली, आपल्या सरावासारखी. मागं कोन हाय ते बघत ऱ्हायले."

"मग? काढलं बाहेर?"

"न्हाई काढलं. गोल बी पडला न्हाई परत. जिंकलो." तिने बॅग खाली ठेवली. "तिसऱ्या मॅचला हरलो, ती गोष्ट येगळी. पर सर मला काय बोलले न्हाईत. चांगलं न्हाई, वाईट न्हाई."

मलाही ते काही बोलले नाहीत. त्यानंतर आम्ही चार ठिकाणी भेटलो. मी पाया पडते, ते डोक्यावर हात ठेवतात, आणि बॅकचा विषय आम्ही दोघेही काढत नाही. त्यांच्या टीम अजून कड धरून खेळतात. माझ्या बॅक आत येतात. नव्या पालकांपैकी कुणी ना कुणी दरवर्षी केबिनमध्ये येऊन बसतं, आणि मुख्याध्यापक मला बोलावण्याआधी हल्ली एक मोठा श्वास घेतात, असं शिपाई सांगतो. मी जाते. तेच सांगते. कुणाला पटतं, कुणी मुलगी काढून नेतं. एक चांगली बॅक मी अशी गमावली आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. तरी पद्धत बदललेली नाही.

उजवी आता बारावीत आहे, परीक्षेमुळे खेळ थोडा मागे पडलाय. डावी श्रीगोंद्याच्या एका कॉलेजात गेली आणि तिथल्या टीममध्ये तिला घेतलं. गेल्या महिन्यात तिथल्या कोचचा मला फोन आला. तरुण मुलगा, आवाजावरून नवा वाटला.

"मॅडम, ही तुमची मुलगी ना? पहिल्याच दिवशी मला म्हणते, सर, मी बॅक आहे पण मी मधे येणार, आधीच सांगून ठेवते. मी म्हटलं, मी सांगेन तिथं उभं राहायचं. तर म्हणते, मग मला घेऊ नका. आता अशा मुलीचं काय करायचं?"

मी मैदानावरच होते. सहावीच्या नव्या मुली माना वळवायला शिकत होत्या आणि सगळ्या चुकीची नावं ओरडत होत्या.

"ती ऐकणार नाही," मी म्हटलं. "खेळवून बघा."

तो म्हणाला, "रविवारी मॅच आहे. उतरवतो."

"उतरवा," मी म्हटलं, "आणि तुमच्या विंगरला सांगा, हिने हाक मारली की खाली यायचं."

फोन ठेवला आणि मी पुन्हा मुलींकडे वळले.